‘अधिकारच नाहीत, मग श्रोत्यांचं मंडळ कशाला?’

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: रेडिओ केंद्राला श्रोत्यांचं सल्लागार मंडळ हवं, हे अमेरिकेतून आलेलं खूळ आहे, त्या मंडळाला अधिकार नसतात, म्हणजे ते नुसतं शोभेचं, त्यात राजकारण शिरतं, आणि आता रेडिओ ऐकतंच कोण?

पहिला मुद्दा साफ चुकीचा आहे. 1956 साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे परिसरातल्या 5 जिल्ह्यांत, 150 गावांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, त्यावर बोलायचे आणि आपल्या शंका केंद्राला कळवायचे. नंतर पाहणी झाली, तेव्हा नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत जास्त भर पडलेली दिसली. ही मंडळं म्हणजे सल्लागार मंडळ नव्हे, हे खरं. पण ऐकणाऱ्याने केंद्राला सांगायचं, ही मूळ गोष्ट तीच. अमेरिकेच्या कायद्यात सल्लागार मंडळं आली ती नंतर, 1978 मध्ये. आणि आज आपल्याकडच्या सामुदायिक रेडिओला सल्लागार आणि आशय समिती नेमावीच लागते; 2024 च्या नियमांनुसार तिच्यात निम्म्या तरी महिला हव्यात.

आता अधिकारांचं. अमेरिकेतलं मंडळ केंद्राची उद्दिष्टं, सेवा आणि मोठे धोरणात्मक निर्णय तपासतं, लोकांच्या गरजा भागतात की नाही ते सांगतं. रोजच्या कारभारात हात घालायला त्याला मनाई आहे. मला ही मनाई योग्यच वाटते. उद्या कुणाला माइकसमोर बसवायचं हे मंडळ ठरवू लागलं, तर निवेदकाला मोकळेपणाने काम करता येणार नाही. मंडळाने स्टुडिओत बसून कळत नाही ते आणून द्यावं. आपल्या इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ज्या गल्लीत नळ सकाळी सातला येतो, तिथली बाई सातचा कार्यक्रम ऐकेल का? हे त्या गल्लीतलंच कुणीतरी सांगणार. भाषेचंही तसंच. आकाशवाणी इंदूरच्या ‘खेती गृहस्थी’ या शेतीच्या कार्यक्रमातले नंदाजी-भेराजी मालवीत, म्हणजे इथल्या माळव्याच्या बोलीत, बोलायचे, म्हणून शेतकऱ्याला ते घरचे वाटायचे. कुठला शब्द आपला आणि कुठला परका, हे आकडेवारीवरून कळत नाही. शिवाय केंद्रावर कपातीची वेळ आली, तर ते का टिकायला हवं हे मोहल्ल्यात जाऊन सांगणारी माणसंही हीच.

राजकारणाची भीती मात्र खरी आहे, तिला मी हसणार नाही. त्यावर उपाय आहेत: ठरावीक मुदत, कुणालाही लागोपाठ तिसऱ्यांदा संधी नाही, पक्षाचे पदाधिकारी नकोत, बैठक सर्वांसाठी खुली, आणि दिलेला सल्ला व त्याला केंद्राने दिलेलं उत्तर दोन्ही फलकावर. मंडळच नसेल तर राजकारण थांबतं असंही नाही. मग ओळखीच्या माणसाचा फोन चालतो आणि तो कुणाला दिसत नाही.

रेडिओ कोण ऐकतं? ट्रॅक्टरवरचा शेतकरी, शिलाई मशीनवरची बाई, ज्याला डोळ्यांनी दिसत नाही तो. इंदूरच्या मंडळात मी आधी यांनाच बसवीन, त्यांच्यासोबत एक सिंधी आजी आणि रामबागेतला कुणी कॉलेजचा पोरगा. पहिली बैठक नळाची वेळ सोडून ठेवावी.