दिहिंगिया राजावरच्या 'त्या' प्रतिक्रियेला उत्तर

'अभ्यासू वाचक' यांस,

आसामातल्या अहोम घराण्याचा राजा सुहुंगमुंग ऊर्फ दिहिंगिया राजा (कारकीर्द १४९७ ते १५३९) याच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बंगालहून चालून आलेल्या तुर्बकला सेनापतींनी हरवलं, श्रेय मी राजाला दिलं. शेजारचं सुतिया राज्य गिळलं, त्यातला रक्तपात मी झाकला. सोबत नकाशा नाही. आणि "घरबसल्या गूगल करून इतिहास पाडणाऱ्यांनी आधी आसाम बघून यावं."

नकाशा हवा होता, हे रास्त. टाकतो.

आता ते शेवटचं वाक्य. वडिलांची नोकरी आसामात नाझिराला होती, माझी शाळा तिथलीच. जवळच्या चराईदेवचे मैदाम, म्हणजे अहोम राजांच्या समाध्यांचे टेकाड, २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा तुम्हाला ते कळले असतील. आम्ही पोरांनी त्यांच्या उतारावरून घसरगुंड्या केल्यात आणि राखणदाराच्या शिव्या असमियात खाल्ल्यात. बुरंजी (अहोमांची बखर) हा शब्द मी पहिल्यांदा शाळेतल्या बाईंच्या तोंडून ऐकला, गूगल तेव्हा जन्मायचं होतं. मतभेद मांडा की, कोण नको म्हणतंय? पण "पाडणाऱ्यांनी"? समोरासमोर बसलो असतो तर हे बोलला असतात का? टोपणनाव घेतलं की जीभ सैल सुटते, हे माझ्या ब्लॉगवर नवीन नाही. फक्त अशांनी स्वतःला 'अभ्यासू' म्हणवून घेऊ नये.

तुर्बकचंही सांगतो. १५३२ मध्ये तो बंगालहून चालून आला. सुरुवातीच्या एका झुंजीत युवराज सुक्लेन जखमी झाला, अहोम फौज मागे हटली. फ्रासेंगमुंग बरगोहाईंची पत्नी मूला गाभरू रणात पडली. मग १५३३ मध्ये सेनापती कनसेंगने बाजी फिरवली, तुर्बक मारला गेला आणि पाठलाग थेट करतोया नदीपर्यंत गेला. लढला कनसेंग, कबूल! पण त्याला बरपात्रगोहाईं कोणी केलं? बुढागोहाईं आणि बरगोहाईं या दोन जुन्या, वजनदार मंत्रिपदांच्या बरोबरीने हे तिसरं पद याच राजाने उभं केलं. दोघांच्या हातातली सत्ता तिघांत वाटली गेली, की राजाला डाव खेळायला जागा मिळते. माझा अख्खा लेख याच्यावर होता. तुम्ही बहुतेक लढाया आल्या तेवढाच वाचलात.

सुतियांचं म्हणाल, तर १५२३-२४ मध्ये त्यांची राजधानी सदिया पडली, राजा नीतिपाल मारला गेला, राणी साधनीने प्राण दिला. लेखात यावर एक ओळ आहे. विषय प्रशासनाचा होता, एक ओळ पुरे.

१५३९ मध्ये राजाचा झोपेत खून झाला, संशय सुक्लेनवर गेला, त्याला तुम्ही "कर्माचं फळ" म्हणता. यावर काय बोलणार!

प्रतिक्रिया उडवत नाही, राहू दे. गूगलवालं वाक्य तेवढं काढलंय. ब्लॉग माझा आहे.