दुसरं सार्वमत थेरेसा मे यांच्या हट्टामुळे अडलं नव्हतं

ब्रेक्झिटचा, म्हणजे २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा, विषय निघाला की एक पोस्ट हमखास फिरते: ‘तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी हट्ट सोडला असता, तर दुसरं सार्वमत झालं असतं आणि ब्रिटन युरोपीय संघातच राहिलं असतं.’ मला हे साफ अमान्य आहे. सगळं खापर एका बाईच्या स्वभावावर फोडलं की ६५० खासदार सहज सुटतात. या पोस्टच्या बाजूने केले जाणारे दावे एकेक करून पाहू.

‘मध्यावधी निवडणूक नाही म्हणाल्या आणि घेतलीच की, मग सार्वमतही घेता आलं असतं!’ घेतली, पण एकटीच्या मर्जीने नाही. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे दोन तृतीयांश खासदारांची संमती लागत होती. एप्रिल २०१७ मध्ये विरोधी मजूर पक्षानेही साथ दिली, म्हणून ठराव ५२२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. सार्वमताला असा पाठिंबा कधीच नव्हता.

‘नुसती घोषणा पुरे होती.’ मुळीच नाही. २०१६ चं सार्वमत २०१५ च्या खास कायद्याने झालं. दुसऱ्यासाठी नवा कायदा लागला असता. आपल्याकडे गोव्याचा १९६७ चा जनमत कौलसुद्धा संसदेने आदल्या वर्षी कायदा केल्यावरच झाला.

‘साठ लाख लोकांनी सह्या केल्या होत्या.’ ती याचिका ब्रेक्झिटच रद्द करा अशी होती, सार्वमत घ्या अशी नव्हे.

‘संसद तयार होती, मे आडव्या आल्या.’ यात थोडं तथ्य आहे, म्हणून नीट पाहू. २७ मार्च २०१९ ला सार्वमताचा प्रस्ताव २६८ विरुद्ध २९५ असा पडला. १ एप्रिलला पुन्हा, २८० विरुद्ध २९२. फरक फक्त १२ मतांचा, आणि मंत्रिमंडळ तटस्थ. मे यांनी मंत्र्यांना होकार द्यायला लावलं असतं तर? पण दोन्ही वेळा मजूर पक्षाचेच वीसहून अधिक खासदार विरोधात गेले होते. आणि सरकारने दार किलकिलं केलं की मे यांच्याच हुजूर पक्षात काय होतं, ते मे महिन्यात दिसलंच. २१ मे रोजी मे खरोखरच नमल्या: सार्वमत घ्यावं की नाही यावर खासदारांना मतदान करू देण्याची तरतूद संघातून बाहेर पडण्याच्या करार-विधेयकात घालू, असं त्यांनी जाहीर केलं. मजूर पक्षाचे नेते कॉर्बिन यांनी ‘जुनंच पुन्हा मांडलंय’ म्हणत पाठिंबा नाकारला. दुसऱ्या दिवशी सभागृह नेत्या अँड्रिया लेडसम यांनी राजीनामा दिला. त्यांच्या कारणांत सार्वमत होतं. २४ मे रोजी मे यांनी स्वतःच पायउतार होण्याची घोषणा केली. विधेयक मतदानापर्यंत पोहोचलंच नाही.