घाम सारखाच, फळ मात्र वेगळं

"मनापासून मेहनत केली असतीस तर जमलं असतं." खेळात मागे पडलेल्या मुलाला हे ऐकवणाऱ्या मोठ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. कारण मेहनतीचं फळ किती मिळणार, हेही बऱ्याच अंशी शरीर ठरवतं.

२००७ ची ओसाकाची जागतिक मैदानी स्पर्धा घ्या. उंच उडीत एकीकडे स्वीडनचा स्टेफान होल्म, २००४ चा ऑलिंपिक विजेता. उंची १.८१ मीटर, म्हणजे या खेळात बुटकाच. लहानपणापासून हाच ध्यास, प्रशिक्षक खुद्द वडील. २००५ मध्ये गड्याने इनडोअर स्पर्धेत २.४० मीटर पार केले होते, स्वतःच्या उंचीपेक्षा ५९ सेंटिमीटर वर! दुसरीकडे बहामाजचा डोनल्ड थॉमस. हा मूळचा बास्केटबॉलवाला, २००६ मध्ये एका पैजेपायी उंच उडीकडे वळलेला. सुवर्णपदक थॉमसला. होल्म चौथा.

झालं, लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो सगळं जन्मजात, दुसरा होल्मच्या तपश्चर्येचे गोडवे गातो. पण थॉमसला ऑलिंपिक पदक कधीच मिळालं नाही. आणि होल्मला वडिलांकडून जनुकंही (जीन्स) मिळाली आणि रोजचा सरावही. आता यातलं कुठलं श्रेय कुणाला द्यायचं, सांगा!

मला जास्त बोलकं वाटतं ते 'हेरिटेज' नावाचं अमेरिका-कॅनडातलं संशोधन. व्यायामाची सवय नसलेल्या कुटुंबांतल्या माणसांना २० आठवडे एका जागी बसवलेल्या सायकलवर बसवलं. आखणी सगळ्यांना एकच, देखरेखही कडक, त्यामुळे टंगळमंगळ करायला वाव नाही. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास वाढली. पण काहींची जवळजवळ हललीच नाही, तर काहींची लिटरभर वाढली. एकाच घरातल्यांचे आकडे मात्र बरेच जवळपास होते. फरकाचा जवळपास निम्मा वाटा अनुवंशिकतेकडे गेला.

म्हणजे ज्या पोराला प्रशिक्षक 'आळशी' म्हणून मोकळे होतात, ते शेजारच्या मुलाइतकंच राबलेलं असू शकतं. पुढच्या संशोधनात असंही दिसलं की सरावाचं प्रमाण वाढवल्यावर अशा 'ढिम्म' शरीरांतही सुधारणा होते. तेव्हा बोलणी खायला लावण्याआधी सराव बदलून बघा की.

मग लाळेतून जीन्स तपासणाऱ्या चाचणीवरून मुलाचा खेळ ठरवावा का? अजिबात नाही. त्यात हमखास तपासला जाणारा जीन म्हणजे एसीटीएन-३. वेगवान स्नायूतंतूंतलं एक प्रथिन त्यामुळे तयार होतं. कमी अंतराच्या शर्यतींतल्या अव्वल धावपटूंत ते नसलेले क्वचितच सापडतात, हे खरं. पण ते असलेले कोट्यवधी लोक बस पकडतानाही धापा टाकतात! प्रतिभा हेरायला या चाचण्यांचा उपयोग नाही, असं तज्ज्ञांनी २०१५ मध्येच एकत्रितपणे सांगितलं. तरी विक्री चालूच.

आणि आपण ज्याला उपजत म्हणतो त्यातलं काही निव्वळ कॅलेंडर असतं. वयोगट १ जानेवारीपासून मोजला तर जानेवारीतलं मूल डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं. दहाव्या वर्षी हा फरक केवढा! फुटबॉल, आइस हॉकीच्या निवडक संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी वारंवार दिसली आहे. एकदा निवड झाली की चांगला प्रशिक्षक, जास्त सामने, जास्त कौतुक. निवड चाचणीच्या अर्जावर जन्मतारीख असतेच, पण ती पाहतात फक्त कुणी वय चोरलंय का ते तपासायला.