‘तीन दिवस व्हिडिओ बंद’ या अभिप्रायास वर्गाच्या संचालिकेचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही चालवत असलेल्या शिकवणी वर्गाला आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी वाचला. परीक्षेला चार दिवस उरले असताना व्हिडिओ तीन दिवस बंद ठेवले, मॅडम फोन उचलत नाहीत, ३,६०० रुपये घेऊन ही सरळ फसवणूक आहे आणि असले केंद्र विद्यापीठाने बंद केले पाहिजे, असे आपण लिहिले आहे. ऐन परीक्षेच्या तोंडावर आपला खोळंबा झाला, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते.

‘तीन दिवस’ हे दोन शब्द मात्र मला तसेच राहू देता येत नाहीत, कारण नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या आमच्या दोन खोल्यांत चौकशीला येणारे बहुतेक जण आधी हेच पान वाचून येतात. आपले खाते शुक्रवारी रात्री १० वाजून ५२ मिनिटांनी थांबले. ते कोणी हाताने थांबवलेले नाही. एका नोंदणीवर दोनच उपकरणे चालतात आणि तिसऱ्या उपकरणावरून प्रवेश झाला की अ‍ॅप खाते आपोआप रोखते. आपला पहिला फोन शनिवारी रात्री ११ वाजून ३८ मिनिटांनी आला. मी रविवारी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी आपणांस उलट फोन केला, आणि ८ वाजून ५ मिनिटांनी खाते सुरू झाले. शुक्रवार, शनिवार, रविवार असे वार मोजले तर तीन भरतात हे मला मान्य आहे. पण घड्याळाने ते तेहतीस तास होतात, आणि आपण आम्हांला कळवल्यापासून मोजले तर साडेआठ तासही होत नाहीत. त्या साडेआठ तासांतला बराचसा वेळ मी झोपले होते, हा माझा अपराध असेल तर तोही कबूल करते.

शनिवारचा अख्खा दिवस आपण का कळवले नाही, हे मी विचारणार नाही. आपण सातपूरला पहिल्या पाळीत जाता हे प्रवेशाच्या वेळी सांगितले होते, आणि आमचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी असेच नोकरी सांभाळून शिकणारे आहेत, म्हणून तर हे व्हिडिओ आहेत. खाते थांबल्यावर पडद्यावर दिसणारी ओळ इंग्रजीत होती आणि तिच्याखाली नुसता एक सांकेतिक क्रमांक होता, तेव्हा काय बिघडले हे आपणांस कळायला मार्ग नव्हता. अ‍ॅपमध्ये संपर्कासाठी दिलेला क्रमांकही वर्गातल्या टेबलावरच्या फोनचा होता, आणि तो संध्याकाळी ७ नंतर कोणी उचलत नाही. ही चूक आमची आहे.

तिसरे उपकरण कोणाचे होते, हेही मी त्या सकाळी विचारले नाही. ते घरातल्या कोणाचे असेल, किंवा आपण नवा फोन घेतला असेल. पण दोन उपकरणांची अट आम्ही हौसेने घातलेली नाही. परिव्यय लेखांकनाची (कॉस्ट अकाउंटिंगची) आमची चित्रित व्याख्याने एकदा एका मेसेजिंग अ‍ॅपवरच्या गटात शंभर रुपयांना विकली जात होती; माझ्याच आवाजात, माझ्याच फळ्यावरची गणिते. त्यानंतर आम्ही संरक्षण असलेली प्रणाली घेतली. तिच्यात प्रत्येक व्हिडिओ कुलूपबंद स्वरूपात येतो आणि त्याची किल्ली नोंदणी झालेल्या उपकरणालाच मिळते. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थी ज्या अर्जावर सही करतो, त्यात ही अट मराठीत आणि ठळक अक्षरांत आहे.

खाते सुरू झाल्यावरही ‘चित्र काळेच होते’ असे आपण लिहिले आहे, त्याबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल. त्या सकाळी एका हातात दुधाचे पातेले आणि कानाला फोन अशा अवस्थेत मी आपणांस विचारले होते की आवाज येतो का, आणि आपण म्हणालात की आवाज स्वच्छ येतो, फक्त चित्र नाही. तेव्हाच मला शंका आली. फोन तारेने टीव्हीला जोडला आणि मधली जोडणी संरक्षित चित्र पुढे नेणारी नसली, तर नेमके हेच होते. पडद्याचे चित्रण करणारे एखादे अ‍ॅप मागे चालू असले तरी पडदा काळा राहतो. मी तार काढायला सांगितली, आपण काढलीत, आणि फोनवर माझाच आवाज ‘प्रक्रिया परिव्यय, उदाहरण चौथे’ म्हणताना मला पलीकडून ऐकू आला. आपण ‘आले, आले’ म्हणालात. अभिप्रायात हे ‘आले’ कुठेही आलेले नाही, याचे वाईट वाटले.

दोन व्याख्यानांत दिवसभराचा डेटा संपतो, ही आपली तक्रार अगदीच चुकीची नाही. ७२० च्या दर्जाला आमचा व्हिडिओ सेकंदाला साधारण दीड हजार किलोबिट घेतो, म्हणजे तासाला पावणेसातशे एमबी. रोजच्या दीड जीबीत दोन व्याख्याने झाली की फारसे काही उरत नाही. तोच व्हिडिओ ३६० वर ठेवला तर तासाला सव्वादोनशे एमबी पुरतात, आणि फळ्यावरचे आकडे तेवढ्यातही वाचता येतात. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतले आमचे विद्यार्थी तसेच पाहतात. डाउनलोड करून ठेवलेली व्याख्याने ‘गायब’ झाली असे आपण म्हणता. ती गॅलरीत नसतात, अ‍ॅपच्या आतच असतात, आणि जागा मोकळी करणाऱ्या अ‍ॅपने आमच्या अ‍ॅपचा डेटा पुसला तर त्याबरोबर तीही जातात.

विद्यापीठाचे नाव आपण यात घेतले, ते घ्यायला नको होते. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशिकमध्ये आहे, गोवर्धनला त्याचे मुख्यालय आहे, आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद आम्ही सारेच अभिमानाने सांगतो. पण आम्ही त्याचे अभ्यासकेंद्र नाही, तसे आम्ही कधी म्हटलेलेही नाही. पुस्तके, गृहपाठ, परीक्षा आणि प्रवेशपत्र हा सारा विद्यापीठाचा कारभार आहे. आम्ही केवळ शिकवणी घेतो, आणि आमच्या पावतीवरही तसेच छापलेले आहे.

‘हे सगळे फुकट मिळते’ असेही आपण लिहिले आहे. मिळते, आणि ते मी स्वतः प्रत्येक प्रवेशाच्या वेळी सांगते. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर २०१७ पासून अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात. शुल्क लागते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. ज्याला ते पुरते त्याने आमच्याकडे येऊ नये, असे मी धंद्याचे नुकसान करूनही म्हणत आले आहे. आमच्याकडचे पैसे मराठीतून, संपूर्ण गणित फळ्यावर सोडवून दाखवल्याबद्दल आणि अडलेले विचारता येण्याबद्दल आहेत. वर्षभराच्या सहा विषयांचे ३,६०० रुपये म्हणजे विषयाला सहाशे. आपल्या खात्यावर कोणते व्याख्यान केव्हा उघडले गेले याची नोंद आमच्याकडे असते. ती येथे लिहिणे शोभणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण वर्षभर उघडी असलेली व्याख्याने परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी रात्री पहिल्यांदा उघडली गेली, तर त्या रात्रीची अडचण कितीतरी पटींनी मोठी वाटते, एवढे म्हणण्याचा अधिकार मी चौदा वर्षे शिकवत असल्याने मागते.

खाते थांबल्याची सूचना मराठीत दिसावी असे अ‍ॅप बनवणाऱ्यांना कळवले आहे, आणि परीक्षेच्या काळात रात्रीही कोणीतरी फोन उचलेल अशी काही व्यवस्था लवकरच करण्याचा विचार आहे. ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा आपण मागे घ्यावा अशी विनंती आहे. तारा एकच ठेवलात तरी चालेल. आपले तिसरे उपकरण मी परीक्षा संपेपर्यंत राहू दिले आहे. शेवटचा पेपर झाल्यावर ते काढावे लागेल, त्यासाठी कृपया दिवसा ११ ते ७ या वेळेत फोन करावा.

आपली,
वर्गाची संचालिका