बहिणींच्या प्रेमकथेत नायक पाहुणाच असतो

प्रेमाच्या शोधात निघालेल्या बहिणींची हलकीफुलकी कादंबरी फसली की खापर नायकावर फुटतं. फारच गुळमुळीत, फारच श्रीमंत, फारच देखणा वगैरे. मला हे पटत नाही. या प्रकारात नायक पाहुणा असतो, घर बहिणींचं असतं. एकीच्या वाटेतली धोंड दुसरीमुळे आलेली नसेल, तर ती कादंबरी नाहीच. त्या एका पुठ्ठ्यात बांधलेल्या तीन दीर्घकथा.

तपासायची रीत सोपी आहे. धाकटीला कथेतून उचलून बाहेर ठेवा. थोरलीचं तरीही त्याच पानावर, त्याच कारणाने जमतंय? मग धाकटी शोभेची आहे.

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) ही पाच बहिणींची कादंबरी या नजरेने पुन्हा चाळून बघा. एकूण ६१ प्रकरणं. नायक डार्सी नायिका एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो ३४व्या प्रकरणात, म्हणजे मध्य ओलांडल्यावर लगेच. एलिझाबेथ नकार देते त्यामागचं एक मोठं कारण तिच्या बहिणीचं आहे: याने थोरल्या जेनचं जमत आलेलं मोडलं. पुढे दोघांचं सूत जुळू लागतं आणि ४६व्या प्रकरणात जेनची पत्रं येतात, सर्वांत धाकटी लिडिया पळून गेली. डार्सीने ते प्रकरण गुपचूप निस्तरलं, याचा पहिला सुगावा लागतो तोही लिडियाच्याच तोंडून, बोलण्याच्या ओघात. नायिकेचा नकार, तिचं संकट, तिचा उलगडा, तिन्हींत बहिणी आहेत. आणि हेही बघा, पाचपैकी मेरी आणि किटी यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. पाच बहिणींना पुरेल एवढी जागा ऑस्टिनकडेही नव्हती. आपण तीनवर थांबावं.

आता हिशेब. ऐंशी हजार शब्द, अडीच हजारांचं एक याप्रमाणे ३२ प्रकरणं. ती तिघींत सारखी वाटू नका. सारखी वाटणी केली की वाचक मनातल्या मनात आवडती बहीण निवडतो आणि बाकीच्या दोघींची पानं भराभर उलटतो. १४, १० आणि ८ अशी विभागणी चांगली चालते. मात्र आठवाली बहीण इतरांच्या प्रकरणांत सतत ये-जा करत राहिली पाहिजे. सलग तीन प्रकरणं ती दिसली नाही, तर परत आल्यावर तिची नव्याने ओळख करून द्यावी लागते, आणि तिथे गती मरते. पहिला पुरुष तिसऱ्या प्रकरणाच्या आत यावा. तिसरा सुरुवातीपासून कोपऱ्यात उभा असलेला बरा, नवव्या-दहाव्या प्रकरणात त्याच्याकडे नीट लक्ष जावं. तिघींचे कबुलीचे प्रसंग लागोपाठ आले तर एक दुसऱ्याला खातो, म्हणून मध्ये निदान दोन प्रकरणांचं अंतर ठेवा. फक्त मोडतोड एकत्र होऊ द्या, २३ ते २५च्या दरम्यान. एकीचं गुपित फुटावं आणि दोघींचं बिनसावं.

यासाठी एक तक्ता करायचा. ३२ ओळी, प्रत्येक बहिणीला एक रकाना, आणि चौथा रकाना ‘कोणाला काय माहीत’. हा चौथा रकाना बहुतेक जण करत नाहीत. मग एकविसाव्या प्रकरणात कळणारी गोष्ट मधली अठराव्यातच बोलून जाते, आणि संपादकाच्या नजरेतून सुटलं तरी वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

गैरसमजांचं तर विचारूच नका. पाच मिनिटांच्या बोलण्याने मिटतो तो अडथळा नव्हे. त्यातून या एका घरात राहणाऱ्या बहिणी, दिवसभर बोलतच असतात. त्या गप्प का राहतात, याला भक्कम कारण लागतं. थोरलीला आवडणारा माणूस दुसऱ्या शहरात बदली मागतोय, हे त्याच ऑफिसात काम करणाऱ्या मधलीला कळलंय. ती सांगत नाही, कारण मागच्या वेळी तिने असंच काही सांगितलं तेव्हा थोरलीने शहानिशा न करता सगळं तोडून टाकलं होतं. आता ही चुप्पी प्रेमापोटी आहे आणि नुकसानही करणार आहे. असा अडथळा दहा प्रकरणं टिकतो.

संवादात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पूर्वपीठिका कोंबण्याचा. “ताई, आई गेल्यावर तूच आमची शिक्षणं केलीस, म्हणून तर तुझं लग्न राहून गेलं ना!” दोघींना माहीत असलेली गोष्ट कोणतीही बहीण अशी वाचून दाखवत नाही. त्याऐवजी:

“तो निळा टॉप माझा आहे.”
“होता.”
“ताई, मला आज तोच हवाय.”
“कोण आहे तो?”

चार ओळींत मालकी हक्क कळला, धाकटी कुणाला तरी भेटायला निघालीय हे कळलं, आणि थोरलीपासून काही लपत नाही हेही कळलं.

विनोदासाठी कुणाला पाय घसरून पाडायची किंवा कॉफी सांडायची गरज नसते. प्रत्येक बहिणीला स्वतःबद्दलचा एक ठाम, चुकीचा समज द्या. थोरली: मला कुणाची गरज नाही. मधली: मला माणसं बरोबर ओळखता येतात. धाकटी: मी प्रेमात पडले की मला लगेच कळतं. मग प्रत्येक प्रसंग त्या समजाला चिमटा काढतो. वाचक तिच्या एक पाऊल पुढे असावा, बहिणी एकमेकींच्या अर्धं पाऊल पुढे.

नावांबद्दल एवढंच: मीरा, मीना, मीनल असं करू नका. पहिलं अक्षर वेगळं हवं, लांबीही वेगळी हवी.

पुरुषांना वेळापत्रक असलेलं खरं काम द्या. नावं झाकून दोन वाक्यं वाचली तरी कोण बोलतोय ते कळलं पाहिजे. आणि एक प्रसंग हमखास राहून जातो: नायिका खोलीत नसताना तिच्या बहिणी आणि तो. याला दीड हजार शब्द तरी द्याच. तो आवडावा की नाही, हे वाचक तिथे ठरवतो.

दोघी बहिणी एकाच्याच मागे, हा मोह टाळा. हलक्या कादंबरीत तो फार तर पहिल्या तृतीयांशातली गंमत म्हणून चालेल. त्यापुढे ताणला तर जिंकणारी बहीण वाचकाच्या मनातून उतरते, ती उतरतेच.

शेवट सुखाचा हवा, तो या प्रकाराचा करारच आहे. पण तिघींची लग्नं शेवटच्या प्रकरणात उरकू नका. दुय्यम बहिणीचं २७व्यात जमवून टाका, मुख्य जोडीचं ३१व्यात, तिसरीचं नुसतं सुरू झालेलं ठेवलं तरी चालतं, फक्त त्याची चाहूल आधी लागलेली हवी. बत्तिसावं प्रकरण छोटं, दीड हजार शब्दांचं, फक्त बहिणींचं. तिथपर्यंत येऊनही कुणाची तरी कबुली शिल्लक असेल, तर शेवट दुरुस्त करत बसू नका. गुपित उशिरा फुटलंय. २३व्या प्रकरणाकडे परत जा.