गाळ काढला म्हणता, टाकला कुठे?

लांब पोस्ट आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या अमावास्येला पहाटे काकांची बोट वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) खाडीच्या तोंडाशी आली आणि पावणेतीन तास तिथेच उभी राहिली. बर्फातले बोंबील बोटीत, गिऱ्हाईक बंदरावर आणि मधे चिखल. मुंबईच्या पाण्याचं एक गणित आहे, आमच्याकडे पोरांना ते पाढ्यांच्या आधी कळतं. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि मध्यरात्री, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी पार तळाला. मासळीचा बाजार नेमका पहाटेचा. खाडीत पुरेशी खोली असेल तर ओहोटीतही बोट आत येते. नसेल तर पाणी चढायची वाट बघत बसायचं आणि भाव पडताना बघायचा.

काकांनी फोन केला तो मला. "गाल कारला बोलतान, मंग बोट रुतते कशी गो?" गेल्या वर्षी खाडीतला गाळ काढला म्हणतात, त्याबद्दल ते विचारत होते.

मला विचारायचं कारण असं की मी अंधेरीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात चौदा वर्षं परवानग्यांच्या फायली करते. त्यामुळे घरातला कुठलाही सरकारी कागद फिरून फिरून माझ्याच पुढ्यात येतो. वकिलापेक्षा मी स्वस्त पडते, एका पापलेटात काम होतं.

आता, पाण्यात किंवा पाण्याजवळ काही बांधायचं, खणायचं, भरायचं तर आपल्याकडे नियम नाहीत असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा आमच्या ऑफिसातली कपाटं बघावीत. किनाऱ्याचा नियम १९ फेब्रुवारी १९९१ ला आला, तोच तो सीआरझेड. मग २०११ ची नवी अधिसूचना, मग जानेवारी २०१९ ची. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची पट्टी या नियमात. खाडीकाठाला मात्र २०११ मध्ये १०० मीटर होते, ते २०१९ ला ५० झाले, "किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते". हे शेवटचे शब्द आमच्या धंद्यात सोन्याच्या भावाचे आहेत. खाडी आत आत शिरताना अरुंद होत जाते, तशी पट्टीही अरुंद होते. खाडीत भराव टाकून कुणी तिची रुंदीच कमी केली तर काय होईल, हा प्रश्न एका बिल्डरने मला अगदी निरागस चेहऱ्याने विचारला होता. दुसऱ्याने विचारलं होतं, "मॅडम, रेष जरा सरकवता येईल का?"

आणि ही पट्टी आत कुठपर्यंत जाते? तर जिथपर्यंत पाण्यात मीठ आहे तिथपर्यंत. भर उन्हाळ्यात मोजून हजार भागांत पाच भाग क्षार. त्या जागेच्या वर, नदीच्या बाजूला पाणी गोडं, तिथे हा कायदा नाही. आमच्या खाडीत ओशिवरा नदी येते. तिच्यात उन्हाळ्यात जे वाहतं ते नदीचं पाणी कमी आणि आपल्या बाथरूमचं जास्त. म्हणजे सांडपाणी जितकं जास्त, तितकं मीठ पातळ आणि कायद्याची हद्द तितकी खाली सरकणार की काय, असं मला आपलं उगाच वाटत असतं.

घरचा अनुभव सांगते. तीन पावसाळ्यांपूर्वी उधाणाचं पाणी आमच्या घरात गुडघाभर आलं. भावाने ठरवलं, ओटा दीड फूट उचलून घेऊ. नुसता ओटा, मजला नाही. एका कार्यालयात गेला तर म्हणाले, किनाऱ्यालगत आहे, १:४००० चा नकाशा आणा, अधिकृत संस्थेकडून भरतीरेषा टाकून आणा, मग बघू. असा नकाशा करून घ्यायला किती पैसे आणि किती महिने लागतात ते मला ऑफिसात कळलेलं आहे, ओटा परवडला असता त्यापेक्षा. गंमत म्हणजे २०११ च्याच अधिसूचनेत लिहिलंय की मुंबईतल्या कोळीवाड्यांचं सर्वेक्षण करून त्यांना वेगळा दर्जा द्यायचा, म्हणजे घरं दुरुस्त करायला, नव्याने बांधायला त्यांची अडवणूक होणार नाही. सीमांकनाचं ते घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय. भाऊ त्या कार्यालयातून परत येत होता त्याच रात्री तिवरांच्या (खारफुटीच्या) कडेला डेब्रिजचे दोन ट्रक रिकामे झाले. त्यांना १:४००० चा नकाशा कुणी मागितला नाही.

पण ही पोस्ट ओट्याबद्दल नाही. गाळाबद्दल आहे.

गेल्या वर्षी खाडीत तराफ्यावर पोकलेन आलं होतं. बंदरावर नारळ फुटला, फोटो निघाले, आमच्याच लोकांनी हार घातले. महिनाभर ते खरवडत होतं. काकांनी विचारल्यावर मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. कागद आले तीन: परवानगीचं पत्र, एकूण किती घनमीटर गाळ काढला तो आकडा आणि पोकलेनचा रंगीत फोटो. खणण्याआधी खाडी किती खोल होती, नंतर किती झाली, याचा कागद नाही. गाळ कुठे गेला याच्यापुढे लिहिलंय, "योग्य त्या ठिकाणी".

योग्य त्या ठिकाणी! चौदा वर्षांत मी एखाद्या फायलीत असं लिहिलं असतं तर ती तोंडावर परत आली असती.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठीच हा सगळा प्रपंच. खाडीत काही करायला परवानगी मागताना आपली सगळी व्यवस्था "कुठे करणार" एवढ्यावर अडून बसते. रेषेच्या आत की बाहेर, सीआरझेडचा पट्टा एक की चार. खणायची परवानगी देताना खरे प्रश्न दोनच असतात: आधी आणि नंतरची खोली किती, आणि निघालेला गाळ कुठे नेणार. तेच दोन प्रश्न कागदात सगळ्यात ढिले.

गाळ ठेवायचा कुठे हा साधा प्रश्न नाही. काठावर टाकावा तर काठाला तिवरं. मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल स्पष्ट आहे: तिवर तोडायचं नाही, त्याच्या भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकाम नाही, भराव नाही, सार्वजनिक प्रकल्प असला तरी आधी न्यायालयाची परवानगी. चांगला निकाल आहे, तो आला नसता तर आज आमच्याकडे निवटी आणि चिंबोरी फक्त गाण्यात उरल्या असत्या. पण त्याचा अर्थ असा की खाडीचा गाळ खाडीशेजारी टाकता येत नाही. शेतात टाकावा तर हा गाळ काळा, त्यात अर्ध्या उपनगराचं गटार आणि प्लास्टिक. मोठ्या बंदरांचं ठीक आहे, त्यांचा गाळ बार्जमधून समुद्रात ठरवून दिलेल्या जागी नेऊन सोडतात. छोट्या खाडीला उरतो ट्रक आणि मुंबईबाहेरची जमीन. म्हणजे डिझेल. ठेकेदाराचा सगळा नफा त्या डिझेलमध्ये आहे. गाळ जितका जवळ रिकामा होईल, किंवा निघालाच नसेल, तितका फायदा.

मिठी नदीचं उदाहरण ताजं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी घराघरात शिरली आणि त्याच वर्षी नदीसाठी वेगळं प्राधिकरण झालं. पुढची वीस वर्षं दर उन्हाळ्यात गाळ निघतोय. मग मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गाळ उपशाबद्दल गुन्हा नोंदवला, सुमारे ६५ कोटींच्या नुकसानीचा. आरोप अजून सिद्ध व्हायचे आहेत, कोर्ट काय ते ठरवेल. पण आरोप कशाबद्दल आहेत बघा. गाळ टाकायच्या जमिनींचे जे करारनामे जोडले होते, तेच बनावट असल्याचा संशय आहे. म्हणजे कागदावर "कुठे टाकला" याचं उत्तर होतं. ते उत्तर खरं आहे का, हे बघायला त्या जमिनीवर कुणी जायचं, हा प्रश्न आहे.

आता खोलीबद्दल. "दोन मीटर खोल केलं" हे वाक्य मुंबईत निरर्थक आहे. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. कुठल्या पाण्याला दोन मीटर? समुद्राच्या नकाशात खोली नेहमी अगदी खालच्या ओहोटीपासून धरतात, कारण बोट तेव्हाच अडते. बंदरावर लावलेल्या फलकावर असं काही नसतं, तिथे उद्घाटकाचं नाव असतं. तीच गत वजनाची. काट्यावर गाळाचा ट्रक जातो तेव्हा त्यात निम्मं पाणी असतं. त्या पाण्याचेही पैसे आपण मोजतो आणि ते रस्त्यावर सांडत परत गटारातून खाडीतच येतं, यासारखी काटकसर नाही.

शिवाय खाडी एकदा खणून मोकळं होता येत नाही. वरून नदी गाळ आणते, समोरून समुद्र वाळू लोटतो. मधे नुसता खड्डा केला तर पहिल्या दोन पावसाळ्यांत तो बुजतो. आणि काठाच्या फार जवळ उभा खड्डा केला तर वरचा चिखल घसरून तिवरांसकट खाली येतो. हे काकांना ठाऊक आहे, त्यांच्या वडिलांनाही ठाऊक होतं. पण परवानगीच्या पूर्ण साखळीत त्यांना विचारायचा रकाना नाही.

विचारलं तर फरक पडतो, याचंही उदाहरण मुंबईतच आहे. कोस्टल रोडचा पूल वरळीला क्लीव्हलँड बंदरासमोरून जातो. तिथे दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. वरळीचे कोळी म्हणाले, वाऱ्यात, लाटेत एवढ्या फटीतून बोटी निघणार नाहीत. नकाशावर ६० मीटर भरपूर दिसतात, माझ्या ऑफिसातल्या स्क्रीनवर तर फुटबॉलचं मैदान वाटेल. पाण्यात बोट सरळ रेषेत चालत नाही. मोर्चे काढून, काम अडवून शेवटी ते अंतर १२० मीटर झालं. त्यांची मागणी त्याहून जास्तीची होती. त्याच प्रकल्पाची सीआरझेड परवानगी उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली होती आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काम सुरू करायला मुभा दिली. एवढ्या फायली, एवढे वकील, आणि बोट निघेल का हे सांगणारा माणूस मात्र बाहेर झेंडा घेऊन उभा.

कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणारच, "नियम वाढवले की कामं अडतात." मला नियम वाढवायचे नाहीत हो. उलट ओट्याचा नकाशा काढून टाका. २०१९ च्या अधिसूचनेत दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यायची सोय आहेच. तो अहवाल मराठीत, बंदरावर, जाळी विणायला बसतात त्या शेडमध्ये लावा. खणायच्या आधीची खोली, नंतरची खोली, ओहोटीला मोजलेली, तारखेसकट. ट्रक कुठल्या गावात, कुठल्या गट नंबरात रिकामा झाला ते लिहा. बिल निघायच्या आधी बंदरावरच्या चार नाखवांची सही घ्या. सही खोटी मारणं अवघड जाईल, नाखवा रोज त्याच पाण्यात उतरतो.

होणार नाही, मलाही माहितीये. ठेकेदार म्हणेल कोळी राजकारण करतात, आणि खरं सांगायचं तर आमच्यातही ट्रकवाल्याकडून पाकीट घेणारे आहेत. नावं घेत नाही, जेवायला तिथेच जायचं असतं.

दरम्यान काकांनी स्वतःचा उपाय केलाय. बारा हाती बांबू घेतला, प्रत्येक हातावर लाल ऑइल पेंटचा पट्टा मारला. दर अमावास्या-पौर्णिमेला पहाटे सहाला खाडीच्या चार ठरलेल्या जागी तो उभा करतात आणि आकडा कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहितात. पोकलेन येण्याआधीपासूनचे आकडे आहेत. मी परवा ते सगळे बसून एक्सेलमध्ये टाकले. चारपैकी तीन जागी पोकलेननंतर खोली वाढली होती, अर्धा ते एक हात. पावसाळ्यानंतर एका जागी ती होती त्याहून कमी झाली. चौथ्या जागी, जेट्टीच्या तोंडाशी, जिथे काकांची बोट अडते तिथे, आकडा पहिल्यापासून हललेलाच नाही.

ती शीट मी परवानगी देणाऱ्या कार्यालयाला अर्जासोबत पाठवली. पोच मिळाली आहे. काकांनी पोचपावती चष्मा लावून वाचली आणि विचारलं, बांबूला सरकारी मान्यता आहे का असं ते विचारतील का.

येत्या पौर्णिमेला पुन्हा मोजायचंय. पहाटे सहा, जेट्टीवर. वेसाव्यातलं कुणी येणार असेल तर या, बांबू धरायला एक माणूस कमी पडतो. चपला जुन्या घालून या.