मराठी माध्यमाला जावा झेपत नाही म्हणे!

परवा नांदेडहून भाचीचा फोन आला. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मामा, जावाचा पेपर सोडून देऊ का?" जावा आणि पायथॉन या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायच्या दोन भाषा. सेलूच्या आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला होता: जावा मेलेली भाषा, एका कंपनीच्या मालकीची, वापरली की पैसे मोजा. पायथॉन नवी, फुकट, सगळ्यांची. आणि मराठी माध्यमाच्या पोरांना जावा झेपतच नाही. खाली क्लासची जाहिरात.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण तेच लेकराच्या मनाला लागलंय. जावा इंग्रजीवाल्यांची हे ठरवलं कोणी? इफ, एल्स, व्हाइल, रिटर्न हे शब्द दोन्हीकडं तेच आणि दोन्हीकडं इंग्रजीच. पायथॉनमध्ये असे राखीव शब्द, म्हणजे भाषेनं स्वतःसाठी ठेवलेले, ३५, जावात पन्नासेक. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोरीला पंधरा शब्द जास्त पाठ होणार नाहीत? मी तिला फोनवरच सोयाबीनचा हिशेब लिहायला लावला, व्हेरिएबलची, म्हणजे आकडे साठवायच्या जागांची, नावं देवनागरीत: 'भाव', 'क्विंटल', 'एकूण'. जावात चालला. पायथॉन ३ मध्येही चालला. दोन्ही भाषा नावांत युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांची, अक्षरं घेतात. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढंही करून बघितलं नाही आणि पोरांची लायकी मात्र ठरवली.

बाकीचं पटकन. पायथॉन १९९१ची, जावा १९९५ची. म्हणजे 'नवी' हीच थोरली. मेलेल्या भाषेची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघत नसते.

मालकीचं अर्धं खरं आहे. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीनं जावा बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स घेतली आणि २०१९ मध्ये आपल्या जेडीकेच्या, म्हणजे जावात प्रोग्रॅम लिहायच्या साधनसंचाच्या, परवान्याच्या अटी बदलल्या. त्या बदलानं कंपन्यांना पैशाचा विचार करावा लागला, हे नाकारत नाही. पण त्याच संचाच्या खुल्या रूपाचा, ओपनजेडीकेचा, परवाना उघडून वाचा: जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना, आवृत्ती २, आणि आपला प्रोग्रॅम आपल्या अटींवर देऊ देणारी क्लासपाथ सवलत. उतरवून घ्या, शिका, त्यावर प्रोग्रॅम लिहून विका, कुणाला रुपया द्यायचा नाही.

पायथॉनची माणसं नवख्याला जवळ करतात, हेही मान्य. पायथॉनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम २०१८ मध्ये बाजूला झाले, आणि २०१९ पासून पाच जणांची निवडून आलेली समिती भाषेचा कारभार बघते. चांगलंच आहे. पण जावातले बदलही उघड्यावरच चर्चेला येतात, बंद खोलीत नाही.

बाई, तू जावाचा पेपर दे. पायथॉन तुझ्या अभ्यासक्रमात पुढं आहेच. आणि दाजी, क्लासची फी भरू नका.